फँटसी गेम्समुळे मुलांच्या ख्रिस्ती विश्वासाला धोका आहे का? (मुलाच्या फोनमध्ये बालजबूल सापडला)

मरोळकरीण | रविवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबईचेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती, मरोळ गावठाणात राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा कन्फर्मेशन (विश्वास पक्का करण्याचा चर्चचा संस्कार) आहे त्याचं. पोरगा गुणी आहे हो, गेल्या वर्षापर्यंत अल्टरला सर्व्ह करायचा (वेदीपाशी फादरना मदत), पण हल्ली रविवारी सातच्या मिसाला (चर्चमधल्या उपासनेला) उठवायचं म्हणजे घरात दर वेळची लढाई.

झालं असं की बुधवारी रात्री दीडला मी पाणी प्यायला उठले तर चादरीखाली उजेड. चादर ओढली तर साहेब गेम खेळतायत. म्हणे मम्मी दोनच मिनिटं, आत्ताच दिवस बदलला. रात्री दीडला कसला दिवस बदलतो?! स्क्रीनवर हातात तलवार घेतलेली एक सुंदर बाई, अंगातून वीज निघतेय. मी विचारलं ही कोण, तर म्हणाला ही त्या देशाची देवता आहे, आणि अगदी सहज, कौतुकानेच म्हणाला, की तिचं खरं नाव बीलझेबुल आहे. माझ्या पोटात धस्स झालं. नाव कुठेतरी वाचलं होतं. तशीच बायबल काढलं, मत्तय १२:२४. भुतांचा अधिपती बालजबूल. तेच नाव. आणि माझा मुलगा त्या बाईला मिळवायला म्हणून चार महिने खाऊचे पैसे साठवत होता.

मी तिथल्या तिथे गेम डिलीट केला. दोन वर्षांचं खेळलेलं सगळं होतं त्यात. तो रडला नाही, भांडला नाही, एक शब्द बोलला नाही, आजपर्यंत बोललेला नाही. आज मिसाला आला, माझ्या शेजारी बसला, पण कम्युनियनला (वेदीपाशी पवित्र भाकर घ्यायला) उठला नाही. सगळी रांग पुढे सरकली आणि हा गुडघ्यावर हात ठेवून बाकावर तसाच. ते बघितल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मला त्यावर भांडण नकोय. मी बरोबर केलं की चूक? आणि हे असले जादू, देवदेवता, राक्षस असलेले खेळ खरंच विश्वासाला बाधक आहेत का?

कुर्ल्याचा_साक्षीदार | रविवार, रात्री ११:५८

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. तुम्ही अगदी योग्य केलंत, मन खाऊ देऊ नका. मी स्वतः यातून गेलोय म्हणून कळकळीने सांगतो. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी अशाच एका गेममध्ये बुडालो होतो, आमचं तीस जणांचं गिल्ड (एकत्र खेळणाऱ्यांचा गट), रात्री अकरा ते तीन ठरलेलं. वर्ष गेलं. आई हॉस्पिटलमध्ये होती आणि मी तिच्या बेडशेजारी बसून फोनवर गिल्डचं काम उरकत होतो, हे मला आजही झोपू देत नाही. प्रभूने सोडवलं तेव्हा मी अकाउंट, सीडी, पोस्टर सगळं टाकून दिलं, आणि त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोपलो.

प्रेषितांची कृत्ये १९:१९ काढून बघा. इफिसमध्ये विश्वास ठेवलेल्या लोकांनी आपली जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत काढली तर पन्नास हजार चांदीची नाणी भरली. आणि बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात १८:१० ते १२ मध्ये मंत्रतंत्र, शकुन, मृतांना विचारणं या सगळ्याचा देवाला वीट आहे असं सरळ लिहिलंय. त्यात कुठे असं लिहिलंय का की खेळ म्हणून केलं तर चालेल? मुलांच्या मनात एकदा दार उघडलं की काय आत येईल सांगता येत नाही.

दादरचा_गेमर | सोमवार, सकाळी ९:१०

साक्षीदारदादा, तुमच्या आईचं वाचून गलबलून आलं. पण मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, राग मानू नका. मी पस्तिशीचा, सीएनआयवाला (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट), संडे स्कूलला शिकवतो आणि गेम शाळेपासून खेळतोय. डियाब्लो १९९६ चा गेम, मी दादरच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायचो. त्यात एका उद्ध्वस्त कॅथेड्रलच्या खाली उतरत उतरत थेट नरकापर्यंत जायचं आणि सैतानाशी लढायचं. नाव आणि चित्रं बघून माझ्या मम्मीने कपाळावर हात मारला होता, पण त्या गेममध्ये वाईट ते वाईटच असतं, सैतान हा सैतानच असतो, तुम्ही त्याच्या विरुद्ध बाजूला.

आता गेममधली जादू म्हणजे काय हेही ज्यांनी खेळलं नाहीये त्यांना सांगायला पाहिजे. तिथे कोणी मंत्र पाठ करत नाही, कोणाला हाक मारत नाही. स्क्रीनवर एक निळी पट्टी असते, बटण दाबलं की पट्टी कमी होते आणि समोरच्या राक्षसाचा जीव चाळीसने कमी होतो. हिशोब आहे तो. अनुवाद १८ ज्याला मना करतं ते खरोखर दुसऱ्या शक्तीकडे काहीतरी मागणं. त्या हिशोबाने आमच्या वर्गातली अर्धी पोरं रीलवर टॅरो पत्त्यांचं भविष्य बघून "आज तो मेसेज करेल का" विचारतात त्याची मला जास्त काळजी वाटते. तुमच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही परिच्छेद २११६ मध्ये हेच आहे ना, राशीभविष्य, हात बघणं, मृतात्मे बोलावणं. त्यावर धागा कोण काढत नाही.

मात्र ताई, तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाहीये हे पण सांगतो. ते नाव चुकून आलेलं नाही. सतराव्या शतकातलं एक मंत्रतंत्राचं हस्तलिखित आहे, त्याच्या पहिल्या भागात ७२ सैतानांची यादी आहे, बारबातोस, मोराक्स, बुएर वगैरे. गेम कंपन्या नावं हवी असली की त्या यादीत हात घालतात, भारदस्त वाटतात म्हणून. सैतानाला सैतान म्हणून मारणं वेगळं आणि सैतानाचं नाव एका गोड, प्रेमळ पात्राला देणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराने मुलाला सैतान लागणार नाही, पण ते नाव ऐकून काटा यायचा तो यायचा बंद होतो. ह्या एका गोष्टीवर मी तुमच्या बाजूचा आहे.

पार्लेकर | सोमवार, दुपारी १:३०

मी ख्रिश्चन नाही, पण प्रामाणिकपणे विचारतोय. आमच्याकडे राक्षस, वरदान, अस्त्रं हे सगळं लहानपणी आजीच्या तोंडूनच ऐकलेलं, त्यामुळे गेममध्ये दिसलं की ओळखीचं वाटतं. तुमच्यात एवढी भीती कुठून आली? की अमेरिकेतून आली?

दादरचा_गेमर | सोमवार, दुपारी २:१५

@पार्लेकर, बरीचशी तिकडूनच. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली निघाला, व्हिडिओ गेम नव्हे, फासे आणि कागद घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा. १९७९ साली मिशिगनमधला एक हुशार विद्यार्थी नाहीसा झाला, पेपरवाल्यांनी बातमी उठवली की खेळ खरा समजून भुयारात गेला. प्रत्यक्षात पोरगा नैराश्यात होता, जीव द्यायला गेला होता, खेळाचा काही संबंध निघाला नाही. पण तोवर भीती पसरली होती आणि ऐंशीच्या दशकात तिथल्या चर्चमधून या खेळाविरुद्ध पत्रकं वाटली गेली. आपल्याकडे आलेली अर्धी प्रवचनं त्याच पत्रकांची आहेत. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते की पोरगा खचलेला आहे हे कोणाला दिसलंच नाही, सगळे खेळाकडे बघत बसले.

भायखळ्याचा_म्हातारा | सोमवार, रात्री ८:४०

मुली मरोळकरीण, सलाम. मी सत्तरीतला, आमचं मूळ नगरकडचं, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, पप्पा गिरणीत. गेममधलं मला ओ की ठो कळत नाही. पण हा प्रश्न नवीन नाही एवढं कळतं.

आम्ही भायखळ्याच्या चाळीत वाढलो. मजल्यावर आम्हीच तेवढे ख्रिस्ती. गणपतीत शेजारच्या काकू प्रसादाचे मोदक घेऊन यायच्या. पप्पा उभे राहून दोन्ही हातांनी ताट घ्यायचे, कसे आहात विचारायचे आणि मोदक आम्हा पोरांना द्यायचे. माझा एक चुलता होता, नव्याने विश्वासात आलेला, त्याच्या घशाखाली तो घास उतरायचा नाही, तो थरथरायचा अक्षरशः. तर चुलता घरी असला की पप्पा ताट झाकून आत ठेवायचे, आणि त्या दिवशी आम्हालाही मिळायचा नाही. मी एकदा रडलो तेव्हा पप्पांनी १ करिंथ ८ वाचून दाखवलं. त्यात प्रेषित पौल म्हणतो मूर्ती काही नाही, अन्नाने आपण देवाजवळही जात नाही आणि लांबही जात नाही, पण माझ्या खाण्याने माझा भाऊ अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. साक्षीदार, तुझ्यासारख्या माणसाला तो खेळ विष आहे, तू जवळ जाऊ नकोस, आणि दादरच्या पोरा, तू ह्याच्यासमोर त्याची तारीफ करू नकोस.

आणि इफिसच्या पुस्तकांबद्दल एक सांगू का. ती ज्यांची होती त्यांनीच स्वतः आणली आणि स्वतः जाळली. पौल घराघरात जाऊन चादरी ओढत फिरला नाही.

अजून एक. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ ला गोव्यात आले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, आणि जैसी हरळांमाजी रत्नकिळा ही ओवी तर शाळेत सगळ्यांनीच पाठ केलीय. ते पुराण लिहिलं का गेलं हे त्याच्या सुरुवातीलाच आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीबाबांना म्हणतात, तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं काही का देत नाही? त्या माणसाने त्यांना दटावलं नाही. बसून अकरा हजार ओव्या लिहिल्या, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, लोकांच्या ओठावर बसेल अशा मराठीत. मुली, तू गेम काढून घेतलास ते एकवेळ ठीक. त्याच्या जागी काय दिलंस?

कुर्ल्याचा_साक्षीदार | सोमवार, रात्री १०:०५

काका, तुमच्यापुढे मी लहान आहे, आणि चादरीचं तुम्ही म्हणालात ते मला लागलं, पण खरं आहे. तरी एक म्हणायचंय. मोदक वर्षातून एकदा, एक घास. हा खेळ रोज तीन तास, रात्री, एकट्याने, कानात हेडफोन घालून. पौलाच्या काळी मांस बाजारात पडून असायचं, ते हाका मारून बोलवत नव्हतं की आज आला नाहीस तर तुझं बक्षीस बुडेल. मला देवदेवतांपेक्षा त्या हाकेची भीती वाटते. दोन धन्यांची चाकरी कोणाला करता येत नाही, आणि दीड वाजता उठवणारा धनी कोण हे त्या पोराला कळायला हवं.

वसईची_आई | सोमवार, रात्री १०:४०

साक्षीदार यांना +१, हाच खरा मुद्दा आहे. आमच्याकडे दोन मुलगे आहेत त्यामुळे मी या विषयात पीएचडी करून बसलेय म्हणा. संत कार्लो अकुतिस यांचं उदाहरण मी घरात सांगते. १९९१ चा जन्म, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, ७ सप्टेंबर २०२५ ला पोप लिओंनी त्याला संत म्हणून घोषित केलं. त्याच्याकडे प्लेस्टेशन होता. मुलांना आधी खोटंच वाटलं. पण तो स्वतःच स्वतःला आठवड्यातून एकच तास द्यायचा. माझ्या मोठ्याने लगेच हिशोब घातला की मग मला सात तास उधार आहेत, पण धाकट्याने एक आठवडा करून बघितलं आणि बुधवारी येऊन म्हणाला मम्मी हे उपवासापेक्षा कठीण आहे. तेव्हा मला कळलं की हा खेळ किती खोल गेलाय. ड्रॅगनबिगन राहू देत हो, आमच्या आजीच्या गोष्टीत विहिरीतली भुतं काय कमी होती का, आजी तर रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणणारी बाई.

दादरचा_गेमर | मंगळवार, सकाळी ८:५०

साक्षीदारदादा, मान्य, शंभर टक्के मान्य. माझ्याच लक्षात यायला हवं होतं. ताईंनी रात्री दीडचं लिहिलंय त्याचं उत्तर मला माहितीये. अशा बऱ्याच गेमचा आशियाचा सर्व्हर चीनच्या घड्याळाने पहाटे चारला नवा दिवस सुरू करतो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. रोजची कामं, रोजची बक्षिसं तेव्हा ताजी होतात. सकाळी केली तरी चालतात खरं तर, पण शाळा, क्लास यातून वेळ मिळत नाही म्हणून पोरं तेव्हाच उरकून टाकतात.

आणि खाऊच्या पैशांचं. पात्र विकत मिळत नाही, सोडत असते. एका खेपेला चांगलं पात्र लागायची शक्यता काही गेममध्ये एक टक्काही नसते, आणि नव्वद खेपांपर्यंत काही नाही लागलं तर मग एकदा देतात. पोरगा ऐंशीपर्यंत आला की मागे फिरू शकत नाही, कारण आधीचे ऐंशी वाया जातील. आपल्या बापजाद्यांच्या काळी मुंबईत मटक्याने गिरणगावात काय केलं ते काकांना विचारा, फरक एवढाच की इथे जिंकलं तरी हातात रुपया येत नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना जुगार ठरवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचं व्यसन जानेवारी २०२२ पासून आहे. बालजबूल नावाने मी जेवढा घाबरलो नाही तेवढा त्या नव्वदच्या आकड्याने घाबरतो, आणि प्रार्थनेचीही पोरं तशीच सोडत करून टाकतात, मागितलं की लागलं पाहिजे, नाही लागलं तर परत, हे मी माझ्या वर्गात बघितलंय.

ताई, एक चांगली बातमी. गेम डिलीट केल्याने काही गेलेलं नाही. खेळलेलं सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं, परत टाकला की जिथे होता तिथून सुरू. तुमच्या मुलाला हे नक्की माहीत असणार.

मरोळकरीण | पुढचा रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार, आठवडाभर एकेक प्रतिसाद चारचारदा वाचलाय. जे झालं ते सांगते.

दादरच्या दादांचं शेवटचं वाक्य वाचून मी थांबलेच. त्याला माहीत होतं की सगळं तसंच आहे, मित्राच्या फोनवरूनही उघडता आलं असतं, आणि पाच दिवस त्याने उघडलं नव्हतं. मंगळवारी रात्री भांडी आवरून त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं चादर ओढली ते चुकलं माझं, विचारायला हवं होतं. तो बराच वेळ नखं कुरतडत बसला. मग मी विचारलं की बाळा, कम्युनियनला का नाही उठलास. मला वाटलं म्हणेल आता माझा विश्वास नाही. तर तो म्हणाला, तुझ्यावर राग होता ना, आधी भावाशी समेट करून मग वेदीवर ये असं आहे ना, टीचरने कन्फर्मेशनच्या क्लासमध्ये सांगितलंय, मग रागात कसा जाणार.

मी काय बोलणार. मी स्वतः गेले होते त्या दिवशी, रागातच.

मग गेम परत टाकला आणि त्याने मला दाखवला. एक तास बसले शेजारी. डोंगर, धबधबे, सूर्य मावळताना गवत हलतं ते सुद्धा इतकं सुंदर केलंय की मला कळलं तो तिथे का जातो, आमच्या खिडकीतून मेट्रोचा खांब दिसतो. त्याला त्यातले प्रत्येक गावाचे, प्रत्येक दगडाचे इतिहास पाठ. मी विचारलं आणि आपल्या गावठाणातला क्रूस कधीचा, तर गप्प.

काकांचा प्रश्न डोक्यात होताच. काल त्याला घेऊन वांद्र्याला आत्याकडे गेले, रनवारमध्ये. आत्याने आम्हाला गल्लीगल्लीतून फिरवलं, मुंबईत १८९६ ला प्लेग आला तेव्हा लोकांनी वाचवण्यासाठी देवाचा धावा करत जे क्रूस उभारले ते दाखवले. एका क्रूसावर रंगाचे इतके थर की अक्षरं बुजलीयत, हा गुडघ्यावर बसून बोटाने साल चाचपत होता, फोन खिशात. आत्याने तिच्या पणजीची गोष्ट सांगितली, घरातले तीन गेले आणि ती उरली. पुढच्या क्रूसापाशी तोच पुढे पळाला. नंतर ट्रेनमध्ये मात्र अंधेरीपर्यंत गेमच खेळला, तेही सांगते, लपवत नाही.

ठरलंय असं, की रात्री दहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये, माझा आणि मिस्टरांचा पण. सोडतीत पैसे घालायचे नाहीत हे तो मान्य करायला तयार नाही, अजून दहा खेपा राहिल्यात म्हणतो, त्यावर आमचं चालू आहे. आज सातच्या मिसाला उठला, कम्युनियन घेतलं.

आणि काका, त्याने तुमच्यासाठी प्रश्न दिलाय. बालजबूल हे नाव मुळात आलं कुठून? मला सांगता आलं नाही.

कुर्ल्याचा_साक्षीदार | रविवार, रात्री १०:१५

ताई, ट्रेनमध्ये असल्यासारखं वाचलं सगळं. त्या दहा खेपांवर हार मानू नका, मी पण शेवटच्या दहा म्हणतच वर्ष घालवलं. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ओरडणार नाही, काय झालं तेवढंच सांगेन.

भायखळ्याचा_म्हातारा | सोमवार, सकाळी ६:५०

पोराला सांग, २ राजे, अध्याय १ काढ. शोमरोनचा राजा अहज्या माडीवरच्या जाळीतून खाली पडतो आणि दुखणं बरं होईल का हे विचारायला एक्रोनच्या दैवताकडे माणसं पाठवतो. पलिष्ट्यांचं दैवत ते, नाव बआलजबूब. बआल म्हणजे धनी आणि जबूब म्हणजे माश्या, माश्यांचा धनी. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की मूळ नाव बआल-जबूल, म्हणजे मोठ्या घरचा धनी, असं भारदस्त होतं आणि इस्राएल लोकांनी हिणवायला म्हणून माश्या केल्या. वाटेत त्या माणसांना एलीया आडवा येतो, केसाळ वस्त्र, कमरेला कातडी पट्टा. पुढचं मी सांगत नाही, त्यालाच वाचू दे. आकाशातून दोनदा अग्नी पडतो एवढं सांग, आणि तिसरा सरदार काय करतो ते वाचून मला कळवायला सांग.